पेटीतली सोन्याची नाणी: घासू नका, वितळवू नका, आधी कड बघा

डिचोलीहून एका तरुणाने विचारले आहे: आजी गेल्यावर तिची पेटी उघडली, त्यात सोन्याची पाच नाणी निघाली. एकावर सिंह आहे आणि त्याला कडी लावलेली आहे. एकावर क्रूस आणि त्याच्या कोपऱ्यांत आकडे. दोन पुतळ्या, आणि एक १९१८ची गिनी. सोनार म्हणतो, घट कापून वजनाने पैसे देतो. मावशी म्हणते, रिठ्याने घासून लॉकरमध्ये ठेव. मुंबईचा मित्र म्हणतो, अमेरिकेला पाठवून ग्रेडिंग, म्हणजे नाण्याच्या स्थितीचा दर्जा ठरवून घे. काय करू? आणि यातूनच संग्रह सुरू करायचा झाला तर कसा?

मी फोंड्यात घरच्या सराफी पेढीवर बसत लहानाचा मोठा झालो आणि गेली पस्तीस वर्षे नाणी जमवतो. दोन्ही बाजूंनी नाणे पाहिलेले असल्यामुळे सांगतो, आज या तिघांपैकी कोणाचेच ऐकू नका. सोनाराचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे, तो सोने विकत घेतो. पण मुशीत गेलेले नाणे परत येत नाही. मावशींचे तर सगळ्यात आधी थांबवा, कारण रिठा, ब्रश आणि मायेचा हात यांनी आमच्याकडच्या नाण्यांचे जेवढे नुकसान केले तेवढे चोरांनीही केले नसेल.

गोव्यातले सोन्याचे नाणे बहुधा गळ्यातून आपल्यापर्यंत येते, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे सगळे समजायला सोपे जाते. युरोपातल्या एखाद्या बँकेच्या तळघरात नाणी पिशवीत पडून राहिली, त्यांना कोणाचा हात लागला नाही. आमच्याकडे नाणे मिळाले की सोनाराने त्याला कडी जोडली, ते माळेत ओवले, लग्नात नेसत्या शालूवर घासले, घामात भिजले, दर दिवाळीला धुतले, आणि वाटण्या झाल्या तेव्हा कडी काढून वेगळे केले. म्हणून ग्रेडिंगचे परदेशी तक्ते पाठ करण्याआधी इथल्या संग्राहकाने दागिन्याच्या खुणा वाचायला शिकले पाहिजे.

गेल्या वर्षी चवथीच्या आधी म्हार्दोळच्या एक वहिनी माझ्याकडे आल्या. रुमालाच्या गाठीत बारा शेराफीनचे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या गोव्याचे, एक सोन्याचे नाणे होते. म्हणाल्या, “भाऊ, हे जरा लखलखीत करून द्या, सुनेच्या गळ्यात घालायचं आहे.” मी दहापट भिंगाखाली धरले. मुकुट आणि ढाल बऱ्यापैकी शाबूत, क्रूसाचे हात स्पष्ट. पण मुकुटाच्या बरोबर वर कडेचा सोनेरी रंग जरासा फिकट, पांढरटाकडे झुकणारा. तिथे कड किंचित सपाट, आणि त्या सपाट जागेवर कानशीचे आडवे ओरखडे. त्याच्या खाली मैदानात, म्हणजे चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेत, सुईच्या टोकाएवढे तीन-चार खड्डे. कडी लावताना टाका देतात, टाक्याचे सोने हलक्या कसाचे असते, म्हणून रंग वेगळा दिसतो. कडी काढताना पुन्हा ज्योत लागते, त्यातून ते खड्डे. मी म्हटले, “वहिनी, नाणं खरं आहे, जुनं आहे, पण एकदा ज्योत सोसलेली आहे. पुन्हा लखलखीत केलंत तर उरलंसुरलं जाईल. असंच ठेवा.” त्यांनी ठेवले. सुनेसाठी त्यांनी नवी पुतळी घडवून घेतली.

नाणे हातात आल्यावर मीही चित्राआधी कड बघतो. घड्याळातल्या बाराच्या जागी, मग सहाच्या, मग पूर्ण वळसा. दातेरी कडेचे नाणे असेल तर दाते एकसारखे आहेत की एका जागी हाताने कापून भरलेले आहेत ते बघायचे. सपाट कडेवर शिवण दिसते का, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ, ते बघायचे. आणि भोक. भोक बुजवणे हा आमच्या कारागिरांचा जुना हातखंडा आहे.

संग्रहाच्या पहिल्या वर्षांत मी एक झकास पिवळेधमक पोर्तुगीज नाणे बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून, तेव्हाच्या माझ्या ऐपतीबाहेरची रक्कम मोजून घेतले. दोन वर्षांनी एका जाणत्या गृहस्थांनी ते खिडकीपाशी तिरके धरले आणि मला बोलावून दाखवले. भोक भरून त्यावर अक्षराचा पाय पुन्हा कोरलेला होता. ठशातून उठलेल्या अक्षराचा खांदा भरीव असतो आणि पायाशी मैदानात मिसळतो. कोरलेल्या अक्षराच्या दोन्ही बाजूंना मात्र खोदल्याची बारीक चर दिसते. ती चर मी त्या दिवशी पाहिली, आणि तेव्हापासून एकही नाणे तिरक्या उजेडात धरल्याशिवाय घेतलेले नाही.

आता ग्रेडिंग. जगभर चालणारी १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली मांडली, तीही तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी. आज ६० ते ७० म्हणजे चलनात न गेलेले, ५० ते ५८ जवळजवळ तसे, ४० ते ४५ अत्यंत उत्तम, २० ते ३५ बरेच चांगले, आणि त्याखाली उतरत जाणारे. यंत्राने पाडलेल्या गिनीला ही पट्टी नीट लागते. हाताने हातोडा मारून पाडलेल्या नाण्याला लावताना मात्र डोके शांत ठेवावे लागते, कारण तिथे झीज आणि कच्ची ठोकणी सारखीच दिसते. जिथे ठसा नीट उमटलाच नाही तिथला पृष्ठभाग मैदानासारखाच खरबरीत, मूळ पोताचा असतो. जिथे झिजले तिथे गुळगुळीत, जरा वेगळ्या चमकेचे असते. गोव्याच्या टांकसाळीतली शेराफीन नाणी कित्येकदा वाकडी पाडलेली, एका बाजूला चित्र घसरलेले, तबकडी असमान अशीच जन्माला आली. त्यासाठी त्यांचे गुण कापणे बरोबर नाही. मी स्वतः अशा नाण्याच्या वहीत तीन वेगळ्या ओळी लिहितो: ठोकणी कशी, झीज किती, अंगाला काय केले आहे. हे तीन एकाच आकड्यात कोंबले की गोंधळ होतो.

अंग म्हणजे पृष्ठभाग, आणि सोन्यात किंमत ठरते ती बहुतेक इथेच. एकच पिवळा बल्ब असलेला टेबललॅम्प घ्या, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि नाणे कडेने धरून हळूहळू कलवा. ठशातून नुकत्याच उठलेल्या नाण्यावर उजेडाच्या पात्या मध्यातून कडेपर्यंत फिरतात. चलनात फिरलेल्या नाण्यावर त्या उंच जागी तुटतात, पण अक्षरांच्या बेचक्यात शिल्लक राहतात. घासलेल्या नाण्यावर पात्या दिसतच नाहीत. सगळीकडे एकसारखा, भांड्यासारखा झगझगाट दिसतो आणि त्यात एकाच दिशेच्या केसाएवढ्या रेघा. सोनाराच्या पॉलिशच्या चाकावर धरलेल्या नाण्याची तर अक्षरेही वितळल्यासारखी गोलसर होतात. नवख्याला हाच झगझगाट भुलवतो. मंद, किंचित तांबूस, धुळकट दिसणारे आणि बेचक्यात जुना मळ असलेले नाणे शेजारी ठेवले तर तो झगझगीत उचलतो. मी मळकट उचलतो.

मळ, कुंकू, तेलकटपणा काढायचाच असेल तर घासायचे नाही. रसायनांच्या दुकानातला शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घ्या, नखांचा रंग काढायचे द्रव नको, त्यात इतर पदार्थ असतात. नाणे बुडवून ठेवा, उलटा, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये काढा आणि मऊ कापडावर नुसते टेकवा. जवळ समई, निरांजन, गॅस काहीही पेटलेले नको, खिडक्या उघड्या. आणि हे आमच्या पावसाळ्यात करू नका. ॲसिटोन उडताना नाणे थंड पडते आणि जून-जुलैच्या दमट हवेत त्यावर दव धरते. बावीस कॅरेटच्या नाण्यात तांबे असते, त्याचे लालसर डाग ओलाव्याने वाढतात. माझ्याकडचे हे काम मी दिवाळीनंतरच काढतो.

खरे-खोटे तपासायला पेढीवर कसोटीचा दगड असतो, पण त्यावर नाणे घासू देऊ नका. जुन्या काळी सराफ मोहोरांच्या कडेला चीर देत किंवा बारीक ठसा मारत, त्या खुणा आता इतिहासाचा भाग आहेत. आज नवा ओरखडा म्हणजे निव्वळ नुकसान. हॉलमार्किंग केंद्रातले कॅरेट मोजणारे क्ष-किरण यंत्र नाण्याला इजा करत नाही, मात्र ते वरचा थर वाचते, आतले नाही. म्हणून मी पाण्याची जुनी रीत सोडत नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या हवेतल्या वजनाला भागा. गिनीचे वजन ७.९८ ग्रॅम, पाण्यात आकडा ०.४५च्या आसपास, भागाकार साधारण १७.७. ही बावीस कॅरेटची घनता. शुद्ध सोन्याची १९.३. मुलामा दिलेली चांदी किंवा तांबे असेल तर आकडा खूपच खाली येतो. एक अडचण ध्यानात ठेवा. साडेतीन ग्रॅमच्या पुतळीला पाण्यात फक्त ०.१८ ग्रॅमचा आकडा येतो, काट्याने शंभराव्या हिश्शाची चूक केली की उत्तर अठरावरून वीसच्या पुढे जाते. लहान नाण्याला मिलिग्रॅम दाखवणारा काटाच हवा. तो सराफाकडे असतो, आपल्यासमोर वजन करून मागा.

आता तुमची नाणी.

सिंहाचे नाणे. गोव्याच्या कदंब राजांच्या गद्याण या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला सिंह, त्याच्यासमोर संवत्सराचे नाव, आणि दुसऱ्या बाजूला नागरीत ओळी असतात. बाराव्या शतकातल्या शिवचित्त पेर्माडिदेवाच्या नाण्यावर ‘श्री सप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद’ असे येते आणि खाली राजाचे नाव. सप्तकोटीश्वराचे वेगळे सांगायला नको, नार्वे तुमच्याच तालुक्यात आहे. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ गेल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी ते देऊळ पुन्हा उभारायला लावले. ज्या देवाचे नाव आपण आजही घेतो, त्याच देवाचे नाव आठशे वर्षांपूर्वीच्या सोन्यावर वाचताना माझा हात अजूनही थरथरतो. साठ संवत्सरांचे चक्र असल्यामुळे ते नाव नीट वाचता आले तर राजाच्या कारकिर्दीतले नेमके वर्ष सापडू शकते.

पण मन घट्ट करून तपासा. कदंब सिंह गोव्याची ओळख झाला, बसगाड्यांवरही आला, आणि त्याची पदके हौसेने पुष्कळ घडवली गेली. अस्सल गद्याण सव्वाचार ते साडेचार ग्रॅमच्या घरात भरते. तुमच्या नाण्याला कडी आहे, तेव्हा वजन थोडे जास्त येणारच. अस्सल नाण्यात ठसा तबकडीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे एखाद्या बाजूची अक्षरे कडेबाहेर जाऊन कापली जातात. चित्र आणि सगळ्या ओळी गोलात छान मध्यावर बसवलेल्या दिसल्या, अक्षरे जाड आणि सारख्या उंचीची दिसली, तर मला शंका येते. मैदानात बुडबुड्यांसारखे खड्डे असतील तर ते साच्यात ओतलेले. आणि कडी काढू नका. ती जुनी असेल तर तीही नाण्याच्या आयुष्याचा पुरावा आहे, आणि काढताना लागणारी ज्योत पुन्हा त्याच जागी बसेल.

क्रूसाचे नाणे शेराफीन असावे. शेराफीन हा शब्द मूळ अशरफीवरून आला. एका शेराफीनचे पाच टंगे, तीनशे रेईस, आणि दोन शेराफीनचा एक रुपया असा गोव्याचा हिशेब होता. सोन्यात बारा, आठ, चार, दोन आणि एक शेराफीनची नाणी निघाली. एका बाजूला मुकुटधारी ढाल, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि त्याच्या कोपऱ्यांत किंमत व साल. बारा शेराफीन पावणेपाच-पाच ग्रॅमच्या जवळ भरते. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने १५१० साली गोवा घेतल्याबरोबर इथे टांकसाळ सुरू केली होती. ती १८६९ साली बंद झाली, आणि १८८१पासून पोर्तुगीज गोव्याचे रुपये कोलकात्याच्या ब्रिटिश टांकसाळीत पाडले गेले. म्हणजे साडेतीनशे वर्षे हे काम इथल्या कारागिरांनी इथल्या भूमीवर केले. तरीही अस्सल, शाबूत शेराफीन आज गोव्यातच दिसणे कठीण. कोपऱ्यातले सालाचे आकडे भिंगाने वाचा, एखादा आकडा दुसऱ्यावर पाडलेला असेल तर तशी नोंद करा.

पुतळ्या हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचे डुकाट. त्यावर संत मार्क उभा आणि समोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभावळीत ख्रिस्त, भोवती चांदण्या. आपल्या आज्यांना त्यात मूर्ती दिसल्या, म्हणून पुतळी. १२८४ साली सुरू झालेले हे नाणे १७९७ला व्हेनिसचे प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ त्याच चित्राने आणि त्याच कसाने निघत राहिले, म्हणून मसाल्याच्या व्यापारात कोणीही ते डोळे मिटून घेई. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळपास शुद्ध. शुद्ध म्हणून मऊ, ते वाकते, आणि वाकवून सरळ केलेली पुतळी मैदानात लाटेसारखी दिसते.

पुतळ्या तीन तऱ्हेच्या मिळतात. पहिली खरी व्हेनिसची: काठीशेजारी राज्यप्रमुखाचे नाव लॅटिन अक्षरांत वाचता येते आणि त्यावरून काळ ठरतो. दुसरी आपल्याकडे त्याच वजनाची, त्याच तऱ्हेने पाडलेली नक्कल. तिच्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या काठ्या आणि गोळे, कारण ठसा कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हते. मी तिला खोटी म्हणत नाही. ती बाजारात सोने म्हणूनच चालली, आणि तिच्यातल्या चेहऱ्यांना आपल्याकडच्या मूर्तिकामाचे वळण असते. माझ्याकडच्या एका पुतळीवर संत मार्कचे डोळे चक्क देवळातल्या उत्सवमूर्तीसारखे आहेत. तिसरी म्हणजे पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली, बहुधा एका ग्रॅमच्याही आतली. ती दागिना आहे, नाणे नाही. तुमच्या दोन पुतळ्या वजन केल्या की अर्धे उत्तर मिळेल.

गिनी पटकन सांगतो. १९१८ साली मुंबईत रॉयल मिंटची शाखा चालली आणि त्या एकाच वर्षी तिथे सुमारे तेरा लाख सॉव्हरिन, म्हणजे आपण ज्याला गिनी म्हणतो ते नाणे, पाडले. खूण म्हणजे सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेत मधोमध रोमन ‘आय’ हे अक्षर. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या टांकसाळींनीही सॉव्हरिन पाडले, त्यांच्यावर आपापली अक्षरे आहेत. लंडनने त्या वर्षी पाडलेच नाहीत. तेव्हा १९१८चे साल आहे आणि अक्षरच नाही, अशी गिनी दिसली तर सावध व्हा. अक्षर खरवडलेले असेल किंवा नाणे नंतर कोणी बनवलेले. बनावट गिन्या पुष्कळदा खऱ्या सोन्याच्याच असतात, म्हणून कॅरेट बरोबर आले एवढ्यावर विसंबू नका. व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी १.५२. राजाच्या दाढीचे केस आणि घोड्याच्या छातीचे स्नायू बघा, झीज तिथे आधी दिसते. साधारण स्थितीतल्या अशा गिनीची किंमत तिच्यातल्या सोन्यापेक्षा फार वर जात नाही, तिच्या ग्रेडिंगवर पैसे घालू नका.

अमेरिकेला पाठवण्याचा विचार सोडा. पुरावस्तूंविषयीच्या १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. ‘परत येणारच आहे’ म्हणून टपालात टाकणेही त्यात आले. तुमची गिनीसुद्धा आता शंभरी ओलांडून गेली. शिवाय ज्योत लागलेल्या, कडी काढलेल्या नाण्याला तिथल्या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या आकडा देत नाहीत, नुसता ‘डिटेल्स’ असा शेरा लिहून डबीत बंद करतात. आमच्या नाण्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला हाच शेरा येईल. शेरा खोटा नसतो, पण त्यात माळेचा इतिहास मावत नाही. आणखी एक, पेटीतले घरचे नाणे आणि जमिनीत पुरलेले सापडलेले नाणे यांत कायदा फरक करतो. भाटात, म्हणजे बागायतीत, खणताना नाणी मिळाली तर ती निखात निधीच्या १८७८च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

म्हणूनच घरची कागदपत्रे शोधा. आजीच्या लग्नाची यादी, वाटणीपत्र, सोनाराची चिठ्ठी, माळ घातलेला जुना फोटो, काहीही. गोव्यात कित्येकांचे गहाण दागिने १९६१च्या मुक्तीपूर्वी बँको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने लिस्बनला नेले आणि ते १९९१ साली परत आले. तुमच्या घरात त्या बँकेची पावती निघाली तर ती नाण्याइतकीच जपा. नाण्याबरोबर एक कागद असला की ते नाणे अनाथ राहत नाही.

संग्रह सुरू करताना महागडे नाणे घेऊ नका. आधी वर्षभर बघा. नाशिकजवळ आंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. अस्सल नाण्याची ठोकणी काचेआडून का होईना, डोळ्यांत मुरू द्या. मग नक्कल केलेल्या पुतळ्या घ्या, त्या तुलनेने आवाक्यात असतात आणि आपल्या घरांच्या जवळच्या आहेत. शिवराई होन कोणी स्वस्तात दाखवला तर हात जोडून निघून या. छत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळचा तो होन इतका दुर्मीळ आणि त्याच्या नकला इतक्या, की माहितगाराच्या लेखी हमीशिवाय त्याला हात लावू नये.

ठेवताना मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम टाळा, ते काही वर्षांत हिरवट चिकट घाम सोडतात. कडक डबीत एकेक नाणे, सोबत सिलिकाची पुडी, आणि ती पुडी पावसाळ्याच्या सुरुवातीला बदललेली.

या आठवड्यात एवढे करा. पाचही नाण्यांचे वजन मिलिग्रॅमच्या काट्यावर घ्या. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो तिरक्या उजेडात काढा, फ्लॅश नको. सिंहासमोरची अक्षरे भिंगातून बघून, कळो न कळो, जशी दिसतात तशी पेन्सिलीने कागदावर मोठी काढा. दोन-तीन अक्षरे जरी नीट आली, तरी ती साठ नावांच्या यादीशी ताडून बघू.